कालबाह्य डिजिटल सही आणि नवा बिल्ड सर्व्हर

मराठेशाहीतील कागदपत्रे हाताळणाऱ्यांना 'शिक्का' आणि 'मोर्तब' यांतील भेद ठाऊक असतो. शिक्का पत्राच्या आरंभी आणि मोर्तब अखेरीस. मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब उमटले की पुढे कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. आपण आजही सहज वापरतो ते दोन शब्द या संदर्भात बोलके आहेत. 'सही' हा शब्द अरबी 'सहीह'वरून आला. त्याचा अर्थ बिनचूक, खरे. 'दस्तखत' फारसी आहे. त्याचा अर्थ हाताचे लिखाण. मजकूर जसाच्या तसा आहे काय, हा पहिला प्रश्न आणि हात कोणाचा, हा दुसरा. संगणकाच्या जगातील डिजिटल सही या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच देते. मात्र त्यांपैकी पहिले उत्तर ज्या गणिती साधनावर उभे असते, ते साधन काही वर्षांनी जुने होते, आणि मग एक चमत्कारिक पेच उभा राहतो.

हा पेच बहुधा बिल्ड सर्व्हर नवा करताना प्रथम दिसतो. वर्षानुवर्षे चालत आलेल्या संगणकावर नवी लिनक्स प्रणाली बसवली जाते आणि त्याच दिवसापासून, कालपर्यंत निमूटपणे उतरणारी पॅकेजे नाकारली जाऊ लागतात. फाइल तीच, किल्ली तीच, सहीही तीच, तरी संगणक म्हणतो की ही सही आपणांस मान्य नाही. अशा वेळी प्रयोगशाळेतील मंडळी सर्वांत सोपा मार्ग धरतात. ती सही तपासणेच बंद करतात. हा मार्ग चुकीचा का आणि बरोबर मार्ग कोणता, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

बिल्ड सर्व्हर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो सोर्स कोड. त्यापासून चालू शकणारा प्रोग्राम तयार करणे, त्याच्या चाचण्या घेणे, त्याचे पॅकेज बांधणे आणि त्यावर सही करून ते वितरणासाठी ठेवणे, ही कामे मोठ्या प्रकल्पांत माणसे हाताने करीत नाहीत. त्यासाठी एक स्वतंत्र संगणक असतो. 'जेन्किन्स' हा या कामाचा प्रसिद्ध प्रोग्राम. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची यांनी तो 'हडसन' या नावाने सुरू केला आणि २०११ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी एखाद्या जुन्या संगणकावर तो बसवलेला आढळतो. बिल्ड सर्व्हरचे वैशिष्ट्य असे की तो सह्या घेतोही आणि देतोही. बाहेरून येणारी शेकडो पॅकेजे तो सही पाहून आत घेतो आणि स्वतः तयार केलेल्या मालावर आपली सही करून बाहेर पाठवतो. साध्या संगणकात बनावट पॅकेज शिरले तर तो एक संगणक बिघडेल. बिल्ड सर्व्हरमध्ये शिरले तर त्याच्या हातचा माल घेणारे सगळेच बाधित होतील.

आता सहीची घडण. संपूर्ण फाइलवर सही करणे फार खर्चाचे असते. म्हणून प्रथम तिचा 'हॅश' काढतात. फाइल केवढीही असो, तिच्यातून ठराविक लांबीचा एक आकडा निघतो, आणि सही होते ती त्या आकड्यावर. सही करणारा आपली खासगी किल्ली वापरतो आणि तपासणारा त्याची जाहीर किल्ली. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीची जी पद्धत सांगितली आहे, तिच्यातही किल्ल्यांची जोडी आणि हॅश हेच दोन घटक आहेत.

हॅशचे दुबळेपण समजण्यासाठी हिशेबनिसाचे उदाहरण पुरेसे आहे. समजा, पाठवलेल्या हिशेबावर तपासनीस फक्त एकूण बेरजेखाली सही करतो. एका कागदावर ३५० आणि २७५ आहेत, बेरीज ६२५. दुसऱ्या कागदावर ३७५ आणि २५०, बेरीज पुन्हा ६२५. पहिल्या कागदाखालची सही कापून दुसऱ्याखाली चिकटवली तरी तपासनिसाला काही कळणार नाही, कारण तो फक्त बेरीज पाहतो. बेरीज हा अगदीच कच्चा हॅश झाला. चांगल्या हॅशमध्ये असे दोन कागद शोधणे व्यवहारात अशक्य असावे लागते. अशी जोडी सापडणे याला 'टक्कर' म्हणतात.

१९९१ चा एमडी५ हा हॅश १२८ बिटांचा होता. २००४ मध्ये चिनी गणिती शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात टक्कर दाखवली. तरीही त्याचा वापर चालूच राहिला. २००८ च्या डिसेंबरात संशोधकांच्या एका गटाने एमडी५च्या टकरीचा उपयोग करून वेबसाइटांना प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार सांगणारे बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवले. हे झाले प्रयोगापुरते. २०१२ मध्ये मात्र 'फ्लेम' नावाचा हेरगिरीचा प्रोग्राम उघडकीस आला. त्याने याच दुबळेपणाचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही मिळवली होती, आणि तिच्या बळावर तो विंडोजच्या अद्ययावत आवृत्तीचे सोंग घेऊन संगणकांत शिरत होता. टक्कर सापडल्यापासून ती हत्यार म्हणून वापरली गेल्याचे उघड होईपर्यंत आठ वर्षे गेली. एवढा अवधी मिळूनही जग सावध झाले नव्हते, हे नमूद केले पाहिजे.

१९९५ चा एसएचए-१ हा १६० बिटांचा. त्यात टक्कर शोधण्यासाठी सुमारे २ चा ८० वा घात इतकी गणिते लागावीत अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये वांग यांच्याच गटाने हा आकडा २ च्या ६९ व्या घातापर्यंत खाली आणला. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गुगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. दोहोंचा एसएचए-१ एकच. त्यासाठी लागलेले गणित एका प्रोसेसरच्या ६५०० वर्षांच्या आणि एका ग्राफिक कार्डाच्या ११० वर्षांच्या कामाइतके होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये गाएतां ल्यूरां आणि तोमा पेरँ यांनी आणखी घातक प्रकारची टक्कर साधली. तिच्यात दोन्ही फाइलींचा आरंभ आपल्याला हवा तसा निवडता येतो. भाड्याच्या यंत्रांवर तिचा खर्च सुमारे ७५,००० डॉलर आला. त्यांनी उदाहरण घेतले ते नेमके पीजीपी किल्ल्यांचे. वेगवेगळ्या नावांच्या दोन किल्ल्या त्यांनी अशा बनवल्या की एकीवर कोणी ओळखीची सही केली तर ती उचलून दुसरीवर लावता यावी. लिनक्सच्या पॅकेजांवरील सह्या याच पीजीपी पद्धतीच्या असतात.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. वर्गात हा विषय मांडताना तो हमखास निसटतो. टक्कर साधणाऱ्याला दोन्ही फाइली स्वतः घडवाव्या लागतात. दुसऱ्या कोणी २०१२ मध्ये प्रामाणिकपणे तयार करून सही केलेली फाइल घ्यायची आणि तिच्या हॅशशी जुळणारी नवी फाइल घडवायची, हे काम निराळे आणि कितीतरी पटींनी कठीण आहे. एसएचए-१च्या बाबतीतही ते अद्याप कोणी केलेले नाही. म्हणजे २०१२ ची ती जुनी सही खोटी ठरत नाही. मग नवा सर्व्हर ती का नाकारतो? कारण सही केव्हा झाली हे संगणकाला खात्रीने कळत नाही. सहीत तारीख असते, पण ती सही करणाऱ्यानेच लिहिलेली असते. आज बनवलेल्या सहीवर २०१२ ची तारीख घालणे हा केवळ घड्याळ मागे करण्याचा प्रश्न आहे. प्रामाणिक जुनी सही आणि जुनी तारीख घातलेली बनावट सही या दोहोंत फरक करता येत नसेल, तर दोन्ही नाकारण्यावाचून इलाज नाही.

जावाने या अडचणीतून काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून एसएचए-१ने सही केलेल्या जार फाइली सही नसल्यासारख्याच मानल्या जातात. मात्र १ जानेवारी २०१९ पूर्वी सही झालेल्या आणि तिसऱ्या विश्वासू पक्षाचा कालशिक्का असलेल्या फाइलींना सूट आहे. तारीख दुसऱ्याने साक्षीने घातलेली असेल तर ती ग्राह्य आणि स्वतःच घातली असेल तर नाही, हा कचेरीतील साधा नियमच येथे कामी आला.

लिनक्सच्या वितरणांनी मात्र अधिक कडक भूमिका घेतली. मे २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने सह्यांसाठी एसएचए-१ मुळातच बंद केला. जुन्या किल्ल्या आत घ्यायला गेले की 'हॅश पद्धत एसएचए-१ उपलब्ध नाही' अशा अर्थाची सूचना येते आणि किल्ली घेतली जात नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपल्यावर कित्येक बिल्ड सर्व्हर या नव्या पिढीच्या प्रणालींकडे वळले आणि तेथेच अडखळले. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले. त्यात सह्या तपासण्याचे काम बहुतेक संगणकांवर 'सिकोया' या नव्या साधनाकडे गेले आहे, आणि तेथील धोरणात एसएचए-१ला १ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच मुदत होती. त्याआधीचे काही महिने संगणक इशारे देत होता. मुदत संपताच, सर्व्हरला कोणी हातही लावलेला नसताना, काही रिपॉझिटऱ्या नाकारल्या गेल्या. सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेली असल्याने, ती वापरणाऱ्या प्रयोगशाळांनाही हा बदल आज ना उद्या समजून घ्यावा लागेल.

प्रत्यक्ष दुरुस्तीला लागण्यापूर्वी सूचनेचा मजकूर नीट वाचावा. सूचना इंग्रजीत आणि लांबलचक असते, म्हणून ती न वाचताच पुढे जाण्याची सवय विद्यार्थ्यांत फार दिसते. किल्लीच सापडत नाही, किल्लीची मुदत संपली, हॅश दुबळा आहे, आणि सही जुळत नाही, या चार अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. जेन्किन्सचेच उदाहरण घेता येईल. त्याच्या लिनक्स पॅकेजांची जुनी किल्ली ३० मार्च २०२३ रोजी मुदतबाह्य झाली आणि ५ एप्रिलच्या २.३८७.२ या आवृत्तीपासून दीर्घकालीन शाखेची पॅकेजे नव्या किल्लीने सही होऊ लागली. ज्यांनी नवी किल्ली घेतली नाही, त्यांची पॅकेजे अडली. यात दुबळ्या हॅशचा काहीच संबंध नव्हता आणि नवी किल्ली घेणे एवढाच इलाज होता. चौथी तक्रार, म्हणजे सही जुळतच नाही अशी, आली तर मात्र काम तेथेच थांबवावे. ती फाइल एक तर वाटेत बिघडली आहे किंवा कोणी बदलली आहे.

हॅश दुबळा असल्याची तक्रार आली की पुष्कळदा असे आढळते की दोष पॅकेजात नसून किल्लीत आहे. किल्लीचा मालक 'हे नाव आणि ही किल्ली माझी' असे सांगणारी सही स्वतःच्या किल्लीवर करतो. ही सही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, म्हणून एसएचए-१ची असते. पॅकेजांवरील सह्या मात्र केव्हाच एसएचए-२५६च्या झालेल्या असतात. अशा वेळी मालकाला किल्ली बदलावी लागत नाही. त्याच किल्लीवर एसएचए-२५६ने स्वतःची सही पुन्हा केली की झाले. किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा लांब आकडा, तोच राहतो. वापरणाऱ्याने पुरवठादाराकडून किल्लीची ताजी प्रत घ्यावी, तिचा ठसा आपल्या जुन्या सर्व्हरवर असलेल्या किल्लीच्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा आणि जुळल्यास ती बसवावी. म्हणूनच जुना सर्व्हर पुसून टाकण्यापूर्वी त्याच्यावरील सर्व किल्ल्यांचे ठसे कागदावर उतरवून ठेवणे हे या सर्व कामातील सर्वांत किफायतशीर काम आहे. पाच मिनिटांत होते. एकदा ती संधी गेली की नव्या किल्लीची खातरजमा करण्यास हाताशी काहीच उरत नाही.

पुरवठादारच उरला नसेल तर? एखाद्या जुन्या उपकरणाचे पॅकेज असते, ते करणारी कंपनी बंद झालेली असते आणि ताजी किल्ली देणारे कोणी नसते. येथेच तपासणी बंद करण्याचा मोह होतो. रेड हॅटच्या प्रणालीत एका आज्ञेने एसएचए-१ पुन्हा सुरू करता येतो. डेबियनमध्ये रिपॉझिटरीच्या ओळीत 'ट्रस्टेड' असे लिहिले की सही तपासलीच जात नाही. या दोन्ही सोयी आहेत, पण दोन्हींचा तोटा एकच. एका जुन्या पॅकेजासाठी केलेली सूट इतरांनाही मिळते. पहिलीत ती सूट साऱ्या संगणकाला आणि दुसरीत त्या रिपॉझिटरीतून पुढे येणाऱ्या प्रत्येक फाइलीला लागू होते. एका ओळखीच्या पाहुण्यासाठी फाटक कायमचे उघडे ठेवण्यासारखे ते आहे. त्याऐवजी जे करता येते ते थोडे कष्टाचे असले तरी निर्धोक आहे. बिल्ड सर्व्हरपासून अलग अशा एका संगणकावर तात्पुरती सूट द्यावी आणि तेथे जुन्या किल्लीने जुनी सही तपासावी. त्या फाइलीची वर्षांपूर्वी जपून ठेवलेली प्रत किंवा कोठे छापलेला एसएचए-२५६ आकडा असेल तर त्याच्याशीही ताडावे. खात्री पटल्यावर त्या एका पॅकेजावर संस्थेच्या स्वतःच्या किल्लीने, एसएचए-२५६ वापरून, नवी सही करावी आणि ते संस्थेच्या अंतर्गत रिपॉझिटरीत ठेवावे. बिल्ड सर्व्हरने पॅकेज तेथूनच घ्यावे. म्हणजे जुन्या सहीची जबाबदारी आता संस्थेने उघडपणे स्वतःकडे घेतली. कोणी, केव्हा, काय पाहून सही केली याची नोंद वहीत असावी. जुन्या दस्ताची नक्कल करताना नक्कलनवीस 'अस्सलाबरोबर रुजू' असा शेरा मारून आपले नाव घाली. हे त्याच प्रकारचे काम आहे.

बाहेर जाणाऱ्या सह्यांकडेही पाहिले पाहिजे. बिल्ड सर्व्हर नवा झाला, पण त्याच्यावरील सही करण्याची मांडणी जुन्या सर्व्हरवरून जशीच्या तशी नकलून आणली, असे हटकून होते. तिच्यात एसएचए-१ वापरण्याची एखादी ओळ राहिलेली असते किंवा किल्लीच १०२४ बिटांची, जुन्या डीएसए पद्धतीची असते. मग आपला माल घेणाऱ्यांच्या नव्या संगणकांवर तीच तक्रार उद्भवते. हॅशची ओळ बदलणे सोपे आहे. किल्ली बदलायची असेल तर मात्र नवी किल्ली जुन्या किल्लीच्या सहीने आधी सर्वांपर्यंत पोहोचवावी, काही महिने दोन्ही चालू ठेवाव्यात आणि मगच जुनी रद्द करावी. एका रात्रीत किल्ली बदलली की लोक सूचना न वाचता तपासणी बंद करतात, आणि एकदा बंद केलेली तपासणी पुन्हा चालू करणारा विरळाच.

सहीची मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील सोलारविंड्स या कंपनीच्या 'ओरायन' या उत्पादनाचे प्रकरण उघडकीस आले. घुसखोरांनी कंपनीच्या बिल्ड व्यवस्थेतच शिरकाव केला होता. प्रोग्राम तयार होण्याच्या क्षणी त्यांचा मजकूर सोर्स कोडच्या जागी घुसवला जाई आणि मग कंपनीचीच खरी सही त्यावर होई. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे १८,००० पर्यंत ग्राहकांनी ती बाधित आवृत्ती उतरवली असावी. सही निर्दोष होती, हॅशही दुबळा नव्हता. कारकुनाच्या मेजावरील मजकूर बदलून मग मोर्तब झाले, तर मोर्तब त्या बदललेल्या मजकुराचेच रक्षण करते. म्हणून बिल्ड सर्व्हरच्या दारावरील तपासणी सैल करणे हा केवळ एका पॅकेजापुरता प्रश्न राहत नाही. पुढे तो सर्व्हर ज्यांच्यावर सही करील त्या सर्व फाइलींचा तो प्रश्न होतो.

वर्गात हे सर्व दाखवण्यासाठी २०१७ च्या त्या दोन पीडीएफ फाइली फार उपयोगी पडतात. त्या कोणालाही उतरवून घेता येतात. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची तांबडी. विद्यार्थ्यांना प्रथम दोहोंचा एसएचए-१ काढायला सांगावा, तो तंतोतंत एक येतो. मग एसएचए-२५६ काढायला सांगावा, तो भिन्न येतो. मात्र या फाइली महाविद्यालयाच्या सबव्हर्जन रिपॉझिटरीत ठेवू नयेत. सबव्हर्जन फाइली ओळखताना एसएचए-१वर अवलंबून असे, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये वेबकिट प्रकल्पातील कोणी चाचणीसाठी या दोन फाइली आपल्या रिपॉझिटरीत घातल्या तेव्हा ती रिपॉझिटरीच बिघडून काम अडले होते. प्रात्यक्षिकासाठी त्या पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात.